रेडिएटर नसलेली गाडी गॅसवर कशी चालेल?



'अप्रकट उष्मा' ही व्याख्या दहावीची मुलं अगदी बरोबर लिहितात. पण "याचा उपयोग कुठे होतो?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. त्यासाठी एक छान उदाहरण पाहूया. समजा, फोक्सवॅगनची जुनी बीटल गाडी पेट्रोलऐवजी प्रोपेन वायूवर चालवायची आहे. काय काय करावं लागेल?

अडचण कुठे येते?

प्रोपेन टाकीत दाबाखाली द्रवरूपात असतो. इंजिनाला मात्र तो वायुरूपात लागतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे वायू होणं सोपंच वाटतं. पण वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. हाच तो अप्रकट उष्मा! तासाला ४ किलो प्रोपेन लागला, तर साधारण १५०० किलोज्यूल उष्णता हवी. एवढ्या उष्णतेत ४-५ लिटर साधं पाणी उकळीला येईल.

नेहमीच्या गाडीत ही उष्णता फुकट मिळते. रेडिएटरकडे जाणारं इंजिनाचं गरम पाणी गॅस किटच्या व्हेपोरायझरमधून फिरवतात, बस्स. बीटलचं इंजिन मात्र पंख्याच्या वाऱ्याने थंड होतं. तिच्यात रेडिएटर नाही आणि फिरवायला पाणीही नाही! उष्णता मिळाली नाही तर व्हेपोरायझर गारठतो, त्यावर बर्फ धरतो आणि इंजिन बंद पडतं.

मग उपाय काय?

१) इंजिनाचं गरम ऑइल किंवा सायलेन्सरच्या नळीभोवतीची गरम हवा व्हेपोरायझरकडे वळवायची.

२) टाकीच्या वरच्या भागातला तयार वायूच घ्यायचा. पण मग टाकीच गार पडते आणि दाब उतरतो. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगडीला जोडलेल्या सिलिंडरला बाहेरून घाम सुटलेला तुम्ही पाहिला असेल. तेच हे!

याशिवाय कार्बोरेटरला मिक्सर जोडावा लागतो आणि ठिणगीची वेळ नव्याने जुळवावी लागते. जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, त्याही तपासाव्या लागतात.

पालकांनी हे जरूर वाचावं

हा विषय फक्त परीक्षेपुरता नाही. आपली मुलं ज्या व्हॅनने शाळेत जातात, ती गॅसवर चालत असेल तर तीन गोष्टी पाहा. आरसी बुकावर गॅस इंधनाची नोंद आहे का? टाकी गाडीला पक्की बसवलेली आहे का? आणि सीटखाली किंवा डिकीत घरगुती सिलिंडर तर नाही ना? गाडीची टाकी ८० टक्के भरली की आपोआप भरणं थांबतं, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. घरगुती सिलिंडरला अशी सोय नसते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड आहे. गळला तर तो मुलांच्या पायाशीच साचतो, आणि एक ठिणगीही पुरते. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणं बेकायदेशीर आहे. तेव्हा व्हॅनवाल्या काकांना विचारायला संकोच करू नका.

वर्गात करून पाहा

मुलांच्या तळहातावर सॅनिटायझरचा एक थेंब टाका आणि फुंकर मारायला सांगा. हात गार का पडला, ते त्यांनाच सांगू द्या. मग बीटलचं कोडं घाला!