चार वेढ्यांचा भरवसा

पीटर जेंकिन्स हा मूळचा कडेकपारी चढणारा. पुढे अमेरिकेतल्या अटलांटा शहरात तो झाडांची छाटणी करू लागला. दोर लावून वर जाण्याची मजा फांद्या कापणाऱ्यांपुरतीच का ठेवायची, असं वाटून १९८३ मध्ये त्याने ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. निव्वळ हौसेखातर झाडावर चढण्याच्या छंदाला तिथून रूप आलं.

यात खोडाला कवटाळून चढायचं नसतं. वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून उंचावरच्या जाड, जिवंत फांदीवरून पलीकडे टाकायची आणि त्या दोरीमागून मुख्य दोर ओढून घ्यायचा. दोराचं एक टोक कमरेच्या हार्नेसला बांधायचं. बांधून उरलेल्या शेपटाने, फांदीवरून पलीकडे उतरलेल्या दोरालाच गाठ मारायची. ही गाठ हाताने ढकलली की सरकते, अंगाचं वजन पडलं की जागच्या जागी आवळते. माणूस झाडावर टिकतो तो या घर्षणगाठीच्या जोरावर.

अशा गाठींतली सर्वांत प्रसिद्ध गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये गिर्यारोहकांपुढे मांडली. सह्याद्रीतले प्रस्तरारोहकही ती ‘प्रुसिक’ म्हणूनच बांधतात. झाडांवर मात्र ‘ब्लेक’ जास्त चालते. ऑस्ट्रियाच्याच हाइन्झ प्रोहास्काने ती १९८१ मध्ये छापली होती, पण झाडवाल्यांपर्यंत ती पोचवली जेसन ब्लेकने, १९९४ मध्ये. नाव अर्थातच पोचवणाऱ्याचं लागलं!

ब्लेकमध्ये दोराभोवती खालून वर चार वेढे घ्यायचे, मग टोक खाली आणून दोराच्या मागून खालच्या दोन वेढ्यांतून बाहेर काढायचं आणि त्यावर इंग्रजी आठच्या आकाराची अडगाठ मारायची. टोक भलत्याच वेढ्यात खोचलं, तर दिसायला जवळपास तशीच पण भाराखाली सुटू शकणारी गाठ तयार होते. म्हणून नवी गाठ आधी जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबकळून पारखतात.

वेढ्यांत एवढी ताकद येते कुठून? घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. खांबाला गुंडाळलेल्या दोराचा घर्षणगुणांक ०.२५ धरला, तर एका वेढ्याने धरण्याची ताकद जवळपास पाचपट होते, दोन वेढ्यांनी २३ पट आणि तीन वेढ्यांनी शंभराच्या वर. गाठीचं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण तत्त्व तेच. शिवाय भार दोराच्या दोन बाजूंत वाटला जातो, त्यामुळे गाठीवर अंगाचं साधारण निम्मंच वजन येतं.

पण जे घर्षण माणसाला धरतं, तेच दोराला खातं. सुसाट खाली घसरत येण्याचा मोह इथेच महागात पडतो. दोरातलं पॉलिस्टर अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. वेगाने उतरताना गाठीतले धागे तापतात, पृष्ठभाग वितळून चकचकीत आणि कडक होतो. असा गुळगुळीत भाग पुढे नीट पकडत नाही. म्हणूनच अनेक जण गाठीपुरता वेगळा आखूड दोर वापरतात. झिजला की तेवढाच बदलता येतो. त्यात अरामिडचे धागे असतील तर तो उष्णता जास्त सोसतो.

वर फांदीवरही घासाघीस चालूच असते. जुन्या विहिरीच्या काठाला दोराने पडतात तसे वण सालीवर पडतात, आणि साल सोलली की झाड जायबंदी. ते टाळायला दोन कड्या असलेला पट्टा फांदीवर चढवून दोर कड्यांतून सोडतात. साल वाचते, दोरही वाचतो.

चढाईआधी दोर डोळ्यांनी तर तपासायचाच, पण खरी तपासणी बोटांची. हातभर, हातभर सरकवत जायचं. मध्येच मऊ, चपटा, फुगलेला किंवा कडक भाग लागला, की तिथे थांबायचं. दोर जमिनीवर टाकू नये, त्यावर पाय तर मुळीच देऊ नये. आत घुसलेली वाळू प्रत्येक ताणाबरोबर धागे कापते. मळला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. ब्लीच वर्ज्य. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी दोर ठेवणं सर्वांत घातक, कारण नायलॉनचं आम्लाशी वैर आहे आणि झालेली इजा वरून दिसेलच असं नाही. पॉलिस्टर आम्लाला फारशी दाद देत नाही, पण तीव्र अल्कलीने तेही खराब होतं.

बाद झालेला दोर अख्खा ठेवला, तर कुणीतरी तो चांगला समजून पुन्हा झाडावर टाकतो. म्हणून जाणते लोक त्याचे हात-दोन हात लांबीचे तुकडे करतात. चढायला ते निरुपयोगी, पण नवशिक्यांना टेबलाच्या पायाभोवती ब्लेक गिरवायला पुरेसे असतात.