फियाटला ठिगळ नको!

पालीचा पाऊस कौलांना सोडत नाही, तिथे गाडीच्या पत्र्याची काय कथा! आमच्या मामंजींची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच. पावसाळ्यानंतर तिचं दार उघडलं, तर ते खाली लोंबलं. आतली चटई उचलली, तर अंगणातली माती दिसली.

"पत्र्याचं ठिगळ मारून देतो," एक कारागीर म्हणाला. मामंजींनी साफ नकार दिला. जीपसारखी वेगळी चासी या गाडीला नसतेच. खालचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पेट्या, हीच तिची हाडं. त्यावर घरची माणसं बसवायची! कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणं २००० च्या सुमारास थांबलं. मग पेटी घडवूनच घ्यायची.

मैत्रिणींनो, पद्धत थेट ब्लाउज बेतण्याची. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग १८ गेजचा पत्रा. बॅटरी, पेट्रोलची टाकी बाहेर काढायची. कुजकं कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे पाइप जोडायचे, नाहीतर गाडी मध्येच वाकते. वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा लांब तिथे. सलग मारले तर पत्रा पापडासारखा वाकडा होतो. चासी नंबरच्या पत्र्याला मात्र हात लावायचा नाही. तो गेला, तर आरटीओत गाडीची ओळखच गेली.

पेटीच्या तळाला पाणी निथळायला भोकंही ठेवली. जुनी भोकं चिखलानं बुजली होती, म्हणून तर सगळं कुजलं.

आता दार एका हातानं लागतं. सासूबाई मात्र बसण्याआधी अजून चटई उचलून बघतात!