एका मण्याची चूक

प्रथिने म्हणजे काय, असे नववीच्या वर्गात विचारले की ‘डाळी, दूध, अंडी’ हे उत्तर एका सुरात येते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. म्हणून गेल्या महिन्यात एका शाळेत बोलावणे आले, तेव्हा मी सोबत रंगीत मण्यांची माळ नेली.

प्रथिन ही अशीच एक माळ असते. तिच्या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार अवघे २०. पण ओवण्याचा क्रम बदलला की कुठे केस तयार होतात, कुठे स्नायू, तर कुठे रक्तातले हिमोग्लोबिन.

हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात. त्यांपैकी दोन माळांत प्रत्येकी १४६ मणी. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की सिकलसेल होतो. प्राणवायू कमी पडताच हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते. गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग असह्य वेदना होतात. शिवाय १२० दिवस टिकणारी पेशी १०-२० दिवसांतच फुटते. परिणामी रक्तक्षय!

एका मुलाने विचारले, “सर, डाळ-अंडी भरपूर खाल्ली तर तो मणी बदलेल का?” प्रश्न मोलाचा होता. नाही बदलत. मण्यांचा क्रम आई-वडिलांकडून येतो.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. थंडीत तिचे हातपाय ठणकतात, घरचे त्याला वात म्हणतात. तपासणीत सिकलसेल निघाला. आई रडत म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आमचं काय चुकलं जी?” काहीच चुकले नव्हते. दोघेही वाहक होते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून कळलेच नव्हते.

वाचकहो, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्या विदर्भात हा आजार बराच आढळतो. तेव्हा लग्नाआधी पत्रिका जरूर पाहा, पण रक्तही तपासा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत, औषधे नियमित घ्यावीत. ताप आला, छातीत दुखले वा धाप लागली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्तक्षय आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत.

ती मुलगी आता औषधे घेते, शाळेत जाते. धाकट्या भावाला तपासणीसाठी तीच घेऊन आली होती.