परमुलखातील बिऱ्हाड

मनुष्य एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवितो, तेव्हा भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण तो बरोबर नेतो. परंतु ओळखीचा शेजार आणि न विचारता समजणाऱ्या असंख्य लहानसहान गोष्टी मात्र मागेच राहतात. नवे गाव सातासमुद्रांपलीकडचे असेल, तर ही उणीव पदोपदी जाणवते. मुंबईहून जर्मनीला पोहोचावयास विमानाला नऊ-दहा तास पुरतात. तेथे रुळावयास मात्र कित्येक महिने लागतात. हे रुळणे म्हणजे नेमके काय, हे माझ्या एका विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून पाहू.

हा विद्यार्थी अभियंता होऊन जर्मनीतील श्टुटगार्ट या नगरी नोकरीसाठी गेला. नेकर नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांनी नटलेल्या टेकड्यांमध्ये हे शहर वसले आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे त्याची जगभर ख्याती आहे. १९६८ पासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनीनगरे मानली जातात. आमच्या या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी वर्षभर जर्मन भाषा शिकून घेतली होती. त्यामुळे आपली तयारी पुरी झाली, अशी त्याची समजूत होती.

जर्मनीत नव्या घरी राहावयास गेलेल्या प्रत्येकाने दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत जाऊन आपल्या पत्त्याची नोंद करावी, असा कायदा आहे. घरमालकाचा दाखला सोबत न्यावा लागतो. या नोंदीनंतर कराचा क्रमांक टपालाने घरी येतो. आमच्या विद्यार्थ्याने ही नोंद वेळेवर केली. तरीही तीन आठवडे त्याला एकही पत्र मिळाले नाही. तेथील इमारतींत बहुधा खोल्यांना क्रमांक नसतात. पत्रपेटीवरील नाव वाचूनच पोस्टमन पत्र टाकतो आणि नाव न दिसल्यास ते परत पाठवितो. याचे नाव सरकारी दप्तरात लागले होते, पण पत्रपेटीवर लागले नव्हते! एक लहानशी चिठ्ठी चिकटविताच पत्रे येऊ लागली.

भाषेच्या बाबतीत त्याला काही ठिकाणी मराठीचे साहाय्य झाले. आपण 'एकवीस' म्हणताना आधी एक आणि मग वीस म्हणतो. जर्मन मनुष्यही 'एक आणि वीस' असेच म्हणतो. मराठीप्रमाणे जर्मन भाषेतही तीन लिंगे आहेत. तेथे चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! परंतु एका शब्दाने त्याला चांगलेच फसविले. वरिष्ठांनी त्याला 'हाल्प आख्ट' वाजता येण्यास सांगितले. हाल्प म्हणजे अर्धा आणि आख्ट म्हणजे आठ. तेव्हा साडेआठ, असा अर्थ करून तो बरोबर साडेआठ वाजता हजर झाला. काम मात्र तासापूर्वीच सुरू झाले होते. 'हाल्प आख्ट' म्हणजे आठवा तास अर्धा भरला, अर्थात साडेसात. गंमत अशी, की आपल्या 'अडीच' या शब्दातही हीच रीत दडलेली आहे. संस्कृतातील 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे ते, यावरून तो शब्द आला. वेळेच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या त्या देशात ही चूक त्याच्या जिवाला फार लागली.

दैनंदिन व्यवहाराच्या इतर रीती त्याने लवकर आत्मसात केल्या. तेथे रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या राज्यघटनेने संरक्षण दिले आणि १९४९ च्या घटनेने ते कायम ठेवले. म्हणून भाजीपाला शनिवारीच आणून ठेवावा लागतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत द्यावी लागते; रिकामी बाटली दुकानात परत दिली, की ती रक्कम मिळते. हे सारे नियम कोठे ना कोठे लिहिलेले असतात. कठीण जाते ते न लिहिलेल्या रीतींचे.

एके सायंकाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकविलेली आढळली. ती कोणी चुकून लावली असेल, असे समजून त्याने ती जिन्यातील खिडकीत ठेवून दिली. पुढील आठवड्यापासून शेजाऱ्यांचे वागणे बदलले. जिन्यात भेटल्यावर कोणी हसेना, नमस्काराला तुटक उत्तर मिळू लागले. डिसेंबरचे दिवस होते. त्या दिवसांत तेथे आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. अंधारात कामावर जावे आणि अंधारातच परतावे. आपला वर्ण, नाहीतर आपल्या फोडणीचा वास या लोकांना खपत नसावा, असे त्याच्या मनाने घेतले. "सर, मी परत येतो," असे त्याने मला लिहिले. मी उत्तर दिले, "अवश्य ये. पण निघण्यापूर्वी एकदा कारण विचार."

त्याने धीर करून तळमजल्यावरील वृद्ध बाईंना विचारले. त्या त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि ती पाटी त्याच्या हाती दिली. तिच्यावर 'केरवोखे' असे लिहिले होते. ज्याच्या दारावर ही पाटी लागेल, त्याने त्या आठवड्यात जिना व दारापुढील वाट झाडावी आणि मग पाटी शेजारच्या दारावर लावावी, अशी त्या प्रांतातील जुनी चाल आहे. शहरस्वच्छतेच्या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या हुकुमांपर्यंत तिची मुळे जातात. 'केरवोखे' म्हणजे झाडण्याचा आठवडा. त्या शब्दातील 'केर' आणि आपला 'केर' यांचे साम्य योगायोगाचे असेल. परंतु त्या दिवशी विद्यार्थ्याला ते पाहून हसू आवरेना. पाटी याच्यापाशी अडली होती, जिना अस्वच्छ राहिला होता, आणि 'हा तरुण आमच्या घराचा मान राखत नाही,' असे शेजारी समजून बसले होते.

त्याने तत्काळ झाडू हाती घेतला. पाटी पुन्हा दारोदार फिरू लागली आणि तिच्याबरोबर शेजाऱ्यांचे हसूही परतले.

परक्या मनुष्याविषयी अकारण आकस बाळगणारी माणसे सर्वच देशांत असतात, हे खरे. तथापि प्रत्येक अबोल्यामागे आकसच असतो असे नाही. पुष्कळदा एक न वाचलेली पाटी असते. विचारल्यावाचून ती वाचता येत नाही.

जर्मन भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे. कामाच्या ठिकाणी आणि शेजारीपाजारी पुष्कळदा 'तुम्ही' म्हणतात. 'तू' म्हणण्याची मोकळीक बहुधा वयाने वडील असलेल्याने द्यावयाची असते. वसंत ऋतूत एकदा जिना झाडताना त्या वृद्ध बाईंनी विद्यार्थ्याला सांगितले, "आता मला तू म्हण." त्याने मला लिहिले, "सर, आज माझे बिऱ्हाड खऱ्या अर्थाने लागले."

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकजण पुढे कामासाठी दूरदेशी जातील. तेथील रीती शिकून घ्या, चुकलात तर मोकळेपणाने विचारा, आणि घरची भाषाही जिवंत ठेवा. पण त्यासाठी मोठे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत परप्रांतातून आलेले एखादे कुटुंब आजही असेल. आपल्या रीती त्यांस ठाऊक नसतात, म्हणून त्यांच्याशी अबोला धरू नका. त्यांच्या दारावरील पाटी त्यांना वाचून दाखवा.