अंकांचा डोंगर

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या कोणत्याही टोंकाकडून वाचली तरी तीच! १ हा अंक नऊ वेळां ओळीनें मांडून वर्ग केला, कीं ती मिळते. गुणाकाराच्या मधल्या उभ्या रांगेंत नऊ एके जमतात, दोहों बाजूंस एकेक घटतो. हातचा कोठेंच नाहीं. दहावा एका वाढवितांच हातचा येऊन डौल मोडतो.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनीं अशा संख्यांस ‘डेम्लो’ म्हटलें. ही कल्पना सुचली त्या डोंबिवली स्टेशनचें तें जुनें नांव. पुष्कळांनीं त्यांचें हें संशोधन पोरखेळ मानिलें. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांच्या लेखानें मात्र त्यांची कीर्ति जगभर झाली.

घरांतील मूल पाटीवर अंकांशीं खेळत बसलें, तर त्यास दटावण्यापूर्वीं आम्हीं वडीलधाऱ्यांनीं हें स्मरावें.