बालवयातील मधुमेह : दोष कोणाचा?

मधुमेह म्हणजे उतारवयातला, गोड खाणाऱ्यांचा आजार, ही समजूत आपल्या वस्त्यांतून आजही पक्की आहे. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतो. पण आठ-दहा वर्षांच्या मुलालाही तो होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मग मूल आजारी पडले की आईच्या माहेरचे रक्त काढले जाते, नाहीतर मागच्या जन्मीचे पाप. पापाचा निकाल बाबासाहेबांनीच लावून ठेवला आहे. रक्ताचे तेवढे पाहू.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. रक्तातील पांढऱ्या पेशींचे काम बाहेरच्या जंतूंशी लढण्याचे. परंतु या रोगात त्याच आपल्या बीटा पेशींना शत्रू समजून नष्ट करतात. राखणदारानेच घर लुटावे तसा हा प्रकार! लंडनच्या संशोधकांना १९७४ साली रुग्णांच्या रक्तात या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. हा हल्ला कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे मुकाट्याने चालतो. सारखी तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. साखर खाल्ल्याने हे घडत नाही.

आपले व परके ओळखण्याशी संबंधित एचएलए नावाची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांतील डीआर३ व डीआर४ हे प्रकार असणाऱ्यांना धोका अधिक; तरी त्यांतलेही बहुसंख्य निरोगीच राहतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा मधुमेह झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. दहापैकी आठ-नऊ रुग्णांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. आणि सुनेला बोल लावणाऱ्यांनी हेही ऐकावे : आईला हा आजार असण्यापेक्षा वडिलांना असेल तर मुलाला धोका थोडा जास्त असतो. जनुकांच्या जोडीला विषाणुसंसर्गासारखी बाहेरची कारणेही असावीत, असे शास्त्रज्ञ मानतात. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्यांना यात नवल वाटू नये.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले, तोवर अशी मुले फार काळ जगत नसत. आजही कुणाच्या जडीबुटीवर विसंबून इंजेक्शन थांबवले, तर काही दिवसांतच उलट्या, धाप, बेशुद्धी आणि मृत्यू ओढवतो. हल्ला लांबवणारे टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाले. पण तेही रोग साधारण दोन-तीन वर्षे पुढे ढकलते, कायमचा टाळत नाही.