बेडकाचे गाव कोणते?

गगनबावड्याहून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. या कड्यावरच्या ओढ्यांत आणि जांभ्या दगडाच्या भेगांत राहणाऱ्या बेडकांची, पालींची ओळख पटवण्याचे काम आता भिंग आणि मोजपट्टीवर भागत नाही. प्राण्याच्या यकृताचा किंवा स्नायूचा कण अल्कोहोलमध्ये ठेवतात, प्रयोगशाळेत त्यातला डीएनए वेगळा काढतात आणि एखाद्या जनुकाच्या तुकड्याची काहीशे अक्षरे वाचतात. मग ती अक्षरमाला जेनबँकेत जमा करायची.

ही बँक १९८२ पासून अमेरिकेत चालते. युरोप आणि जपानमधल्या कोठारांशी तिची रोज देवाणघेवाण होते, त्यामुळे एका ठिकाणी भरलेले तिन्हीकडे दिसते. भारताचे स्वतःचे जैविक माहितीचे केंद्रही २०२२ मध्ये फरिदाबादला सुरू झाले. जमा झालेल्या प्रत्येक क्रमाला कायमचा क्रमांक मिळतो आणि शोधनिबंधात तोच छापतात.

अक्षरे यंत्र वाचते. खरी परीक्षा आहे ती अर्जातल्या इतर रकान्यांची. नमुना कुणी, कधी, कुठे गोळा केला? मूळ प्राणी कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे? हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. गगनबावड्याच्या दक्षिणेला, याच सह्यकड्यावरच्या आंबोलीतून २०१४ मध्ये आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर यांनी ‘इंडिराना चिरावासी’ या नव्या बेडकाचे वर्णन केले. चिऱ्यात राहणारा तो चिरावासी. नाव ऐकताच ओळख पटावी असे. पण अशी नवी जात ठरली, म्हणून त्याआधी दुसऱ्या नावाने जमा झालेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. जेनबँकेतली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार मुळात ती भरणाऱ्याचाच. तो निवृत्त झाला, विषय सोडून गेला, तर चूक तिथेच राहते आणि पुढचा संशोधक तिच्याशी आपला क्रम ताडून पाहतो. बुरशींच्या नोंदी तपासणाऱ्या २००६ च्या एका अभ्यासात सुमारे २० टक्के नोंदींवरचे जातीचे नाव चुकीचे असावे असे दिसले. संग्रहालयात मूळ नमुना असेल तर बरणी उघडून वाद मिटवता येतो. नसेल तर उरते फक्त अक्षरमाला.

‘कुठे’चा रकाना वरवर सोपा. देशाचे नाव ठरलेल्या यादीतून निवडायचे, पुढचे आपल्या शब्दांत. कुणी नुसते ‘इंडिया’ लिहून मोकळे होते. मग गगनबावडा काय आणि केरळ काय, सारखेच. गावाचे नाव रोमन लिपीत तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात आणि शोधताना एक सापडते, दोन निसटतात. म्हणून अक्षांश-रेखांश द्यावेत. १६.५५ उत्तर, ७३.८३ पूर्व असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिले, तर जागा साधारण किलोमीटरभरात येते. चार स्थळे लिहिली तर थेट तो दगडच. दुर्मीळ प्राण्याच्या बाबतीत एवढा नेमकेपणा चोरट्यांच्याही उपयोगाचा, तेव्हा तिथे दोन स्थळे पुरे.

आता हक्काचा प्रश्न. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांत जैवविविधता समित्या आल्या, त्यांच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही आली. बेडूक परदेशी न्यायचा तर परवानगी लागते. त्याची अक्षरे मात्र जगात कुणीही, नाव न सांगता, फुकट उतरवून घेऊ शकतो. हे खुलेपण विज्ञानाला हवेच आहे, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही त्याचाच आधार आहे. पण त्यातून औषध किंवा वाण निघाला तर गावाला काय? २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली येथील परिषदेत यासाठी निधी ठरला. असा माहितीसाठा वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्यात भर घालावी आणि किमान निम्मा पैसा आदिवासी व स्थानिक समुदायांकडे जावा, अशी अपेक्षा आहे. कंपन्यांवर सक्ती नाही, आणि कोणत्या गावाचा कोणता क्रम असा हिशेबही त्यात नाही.

जेनबँकेच्या अर्जात गावच्या नोंदवहीसाठी वेगळा रकाना नाही. टीप लिहायची सोय मात्र आहे. तिथे समितीचे नाव आणि नोंदवहीतला क्रमांक लिहायला एक मिनिट लागते. उलट बाजूने, मिळालेला जेनबँक क्रमांक ग्रामपंचायतीला पोस्टकार्डावर कळवला तरी तो नोंदवहीत बेडकाच्या स्थानिक नावासमोर चढवता येतो.